हंबीररावांच्या जीपचे पाटे

हंबीरराव इंगवल्यांनी जीप चैनीसाठी घेतली असं मानणारे लोक शिवाजी पेठेत अजूनही आहेत. त्या लोकांनी एकदा त्या जीपमधून नुसतं रंकाळ्यापर्यंत जाऊन यावं, म्हणजे चैनीबद्दलची त्यांची समजूत कायमची दुरुस्त होईल. जीप घेतली होती आईसाठी. एका सहकारी संघात हेडक्लार्क असलेला, स्कूटरला किक मारण्याआधीही देवाला हात जोडणारा माणूस जेव्हा लष्कराच्या लिलावातली जीप घरी आणतो, तेव्हा त्याच्या मागं आई असतेच.

हंबीररावांच्या आईचं, बाळाबाईंचं माहेर पन्हाळ्याच्या पलीकडं गोठणवाडीत. तिथं त्यांचे थोरले भाऊ, जोतीराममामा. बाळाबाईंचे गुडघे गेल्यापासून मामाच अधूनमधून कोल्हापुरात येऊन बहिणीला भेटून जायचे. पण आणीबाणी उठली त्या वर्षीच्या पावसाळ्यात मामा गोठ्यात घसरले, खुबा मोडला, आणि तेव्हापासून ते घरासमोरच्या कट्ट्यावर बसून होते. एस.टी. फाट्यावर सोडून जायची आणि पुढं वाडीपर्यंत नुसता कातळ. बैलगाडीनं बाळाबाई एकदा गेल्या होत्या आणि परत आल्यावर पंधरवडाभर उताण्या पडून होत्या. म्हणजे भाऊ येऊ शकत नव्हता आणि बहीण जाऊ शकत नव्हती. त्यातच वाडीच्या दूधवाल्याबरोबर मामांचा निरोप आला : बाळीला म्हणावं, यकदा तोंड दाखवून जा, पुना कुणी सांगितलं न्हाय म्हणू नगा. त्या दिवसापासून बाळाबाईंच्या ताटातली भाकरी अर्धी उरायला लागली, आणि हंबीररावांना ते बघवेना.

जीप आली. तिला नारळ फोडला, लिंबू बांधलं. आईला नेण्याआधी वाट बघून यावी म्हणून हंबीरराव एका रविवारी एकटेच निघाले. फाट्यापर्यंत सगळं ठीक होतं. वाडीच्या अलीकडं मात्र वाटेत आडवी एक दगडाची धार आहे. तिला गावकरी ‘उंबरा’ म्हणतात. बैलगाडीची चाकं मोठी, ती उंबरा ओलांडून जाते. जीपची पुढची चाकं ओलांडून गेली, पोट उंबऱ्यावर टेकलं, आणि मागून कडाड् असा आवाज झाला. जीपच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची जी कमान असते तिला पाटा म्हणतात आणि त्यातल्या एकेका पट्टीला पान. त्या पाट्याची पानं मोडली होती. मग बैलांच्या दोन जोड्या लावून सगळ्या वाडीच्या देखत जीप मागं ओढून काढण्यात आली. मामा त्या ठिकाणापासून चार शेतं लांब कट्ट्यावर बसलेले होते. त्यांनी नातवाकरवी विचारलं, की भाचा आलाय तो गाडी घेऊन आलाय की गाडी सोडवायला आलाय.

हे वाक्य हंबीररावांना फार लागलं. कोल्हापूरला येईपर्यंत त्यांनी निश्चय केला, की जीप वीतभर उंच करायची आणि त्याच उंबऱ्यावरून आईला घेऊन जायचं. माणूस एकदा निश्चय करून बसला की बायकोसुद्धा काही करू शकत नाही. शालनवहिनींनी फक्त एवढंच विचारलं, की जीप उंच करण्यापेक्षा दगड फोडला तर चालणार नाही का. त्यावर हंबीररावांनी त्यांना मशिनरीतलं कळत नाही असं सांगितलं. दगड ग्रामपंचायतीच्या हद्दीत होता की वनखात्याच्या, याबद्दल गेली काही वर्षं पत्रव्यवहार चालू होता, हेही खरंच होतं.

उद्यमनगरात सिकंदर मिस्त्रीचं गॅरेज होतं. मिस्त्रीचा आवाज मोठा, पोट त्याहून मोठं, आणि तत्त्वज्ञान एकच : जगात एकमेकांत न बसणारी वस्तू नाही, फक्त हातोडा लहानमोठा असतो. हंबीररावांनी आपली अडचण सांगायला सुरुवात केली तेव्हाच तो मान डोलावून “बसवू की” म्हणाला. काय बसवायचं ते त्याला अजून कळायचं होतं.

पहिल्यांदा त्यानं बाभळीचे ठोकळे बसवले. पाटा आणि चाकांचा दांडा यांच्यामध्ये ठोकळा घातला की जीप तेवढी वर उठते, हे खरं आहे. बाभूळ बैलगाडीला चालते तर जीपला का चालू नये, हा मिस्त्रीचा सवालही वरवर बिनतोड होता. जीप उठली. हंबीररावांनी गल्लीत येऊन हॉर्न वाजवला. दुसऱ्या दिवशी कचेरीतून परत येताना एका खड्ड्यात मागचा एक ठोकळा उभा चिरला, मागची चाकं तिरकी झाली आणि जीप तोंड तालमीकडं ठेवून देवळाकडं चालायला लागली. ती तशीच घरापर्यंत आणताना हंबीररावांना समोरचं बघू की बाजूचं, हे ठरवता आलं नाही.

मग भंगारबाजारातून ट्रकचे पाटे आले. ते जीपला लांब पडत होते. मिस्त्रीनं ते गॅसवर लाल करून कापले, वाकवले आणि ठोकून बसवले. चार दिवस जीप मोठ्या दिमाखात उभी होती. पाचव्या दिवशी सकाळी हंबीरराव दात घासत बाहेर आले तर जीप खाली बसलेली. पोलाद लाल करून गार झालं की त्यातला ताव, म्हणजे कडकपणा, जातो, हे मिस्त्रीलाही माहीत होतं. पण आपल्या हातानं तापवलेलं पोलाद असं वागेल असं त्याला वाटलं नव्हतं. जीप आता कारखान्यातून निघाली होती त्याहूनही बुटकी झाली होती. शेजारच्या धोंडुबाई पाण्याची घागर घेऊन जाता जाता थांबल्या आणि गाडीला बरं नाही का, असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

एवढ्यावर दुसरा कोणी असता तर त्यानं जीप विकून टाकली असती. हंबीररावांनी मात्र नवीन पाटेच बनवून घ्यायचं ठरवलं. लोहारआळीत ऑर्डर दिली. आणि इथंच ती चूक झाली, जी फक्त कोल्हापुरात होऊ शकते.

कोल्हापुरात पाहुण्यानं पानावर आडवा हात धरला तरी त्याच्या बोटांवरून वाढतात. कमी वाढणं हा इथं अपमान समजला जातो. पाट्याची पानं किती घालायची हा प्रश्न गल्लीत निघाल्यावर दुसरं काय होणार? समोरचे निवृत्त पोस्टमास्तर गणपतराव म्हणाले, मूळची आहेत तेवढी घालाच, वर भविष्याचा विचार करून एक जास्त. तालमीचा वस्ताद पिराजी म्हणाला, की गाडी कशी छाती काढून उभी राहायला पाहिजे, माझ्याकडून एक घाला. धोंडुबाईंनी जीपमध्ये कधी पाऊल ठेवलं नव्हतं, पण एवढ्या थोरल्या गाडीला हात आखडता कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. सिकंदर मिस्त्रीनं आधीच्या दोन्ही प्रकारांची भरपाई म्हणून एक पान आपल्या पदरचं जाहीर केलं. आणि लोहाराला सांगायची वेळ आली तेव्हा हंबीररावांनी आईचा चेहरा आठवला, उंबरा आठवला, आणि हळूच आणखी एक वाढवलं.

पाटे बसले. यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. माप घेऊन केले होते, भोकात भोक बरोबर आलं, आणि हातोडा न लागल्यामुळं मिस्त्री थोडा नाराजही झाला. पण जीप एवढी उठली, की तिच्याखाली आडवं मांजर नाही, उभी शेळी मावू लागली. त्यामुळं जुने शॉकॲब्सॉर्बर आखूड पडले. इंजिनाची ताकद मागं नेणारा शाफ्ट आखूड पडला. ब्रेकचा पाइप तर तारेवर वाळत घातल्यासारखा ताणून बसला. शाफ्ट आणि पाइप उद्यमनगरात वाढवून मिळाले. शॉकॲब्सॉर्बर मात्र मिळेनात. एक जोडी लांब, दुसरी आखूड, तिसरी मापाची पण तिची भोकं भलत्याच जागी. “भोक पाडू की,” असं मिस्त्री म्हणाला तेव्हा हंबीररावांनी पहिल्यांदाच त्याच्यावर आवाज चढवला आणि यापुढं माप मी घेणार असं जाहीर केलं.

शालनवहिनींच्या शिलाई मशीनचा टेप खिशात घालून ते आठवडाभर दिसेल त्या उंच गाडीखाली शिरत होते. टेपचा वापर गाडीखाली अवघड असतो. एक हात टेपला, एक हात टॉर्चला, आणि धोतर किंवा पँट सांभाळायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. एका दुपारी कचेरीच्या अंगणात त्यांना हव्या त्या मापाची जीप दिसली आणि ते तिच्याखाली गेले. माप लिहून घेत असताना त्यांच्या तोंडाशी कोल्हापुरी चपलांचे दोन पाय येऊन थांबले. जीप संघाच्या चेअरमनसाहेबांची होती आणि पायही त्यांचेच होते. हंबीररावांनी खालूनच नमस्कार केला. चेअरमन वाकले आणि म्हणाले, “इंगवले, बदली पायजे हुती तर अर्ज करायचा की.”

त्या अपमानाचं फळ मात्र मिळालं. माप पक्कं झालं, आणि तसले शॉकॲब्सॉर्बर हुपरीच्या एका चांदीवाल्याच्या परसात पडलेल्या जुन्या गाडीत सापडले. चांदीवाल्यानं ते पैंजण द्यावेत तसे गुलाबी कागदात गुंडाळून दिले. एस.टी.त ते मांडीवर घेऊन बसलेल्या हंबीररावांकडं शेजारची बाई सारखी बघत होती. एवढे जाड पैंजण कुणासाठी, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

आता सगळं बसलं होतं, पण सरकारदप्तरी बसायचं राहिलं होतं. गाडीत एवढा बदल केला म्हणजे ती पुन्हा पास करून घ्यावी लागते. इन्स्पेक्टर तरुण होता आणि नियमाला धरून होता. त्यानं कागदावरची उंची वाचली, जीपची मोजली, आणि कागदावरची गाडी कुठं ठेवली आहे असं विचारलं. हंबीररावांनी आईचे गुडघे, मामांचा खुबा, उंबरा, सगळं सांगितलं. इन्स्पेक्टर म्हणाला, की गुडघ्यांसाठी रकाना नाही. शेवटी गाडी चालवून बघतो म्हणून तो बसला आणि मैदानाला एक फेरी मारून आला. उतरल्यावर काही वेळ तो बॉनेट धरून उभा होता. दुसरी फेरी नियमानुसार होती, पण तिचा विचार न करता त्यानं सही करून टाकली.

त्याला काय झालं ते हंबीररावांना घरी येताना कळलं. एवढ्या पानांचा पाटा चार टन उसाला लवतो. हेडक्लार्कला तो दाद देत नाही. रस्त्यावरचा प्रत्येक खडा त्यांना स्वतंत्रपणे कळत होता. घरी आल्यावर त्यांनी आईला जीपमध्ये चढवून बघितलं. बाळाबाईंनी नऊवारीचा काचा सावरला, पाय उचलला, तो पायरीच्या निम्म्यापर्यंत गेला. पाट ठेवला, चौरंग ठेवला. कशाचाच उपयोग झाला नाही. बाळाबाई ओट्यावर बसल्या.

“ऱ्हाऊ दे, हंबीर,” त्या म्हणाल्या. “तू केलंस त्येवढं लई झालं. दादाला सांगू, बाळी निघाली हुती म्हणून.”

हंबीरराव त्या रात्री जेवले नाहीत. वीतभर उंच करण्यासाठी त्यांनी अब्रू पणाला लावली होती, आणि त्या उंचीमुळंच आई जमिनीवर राहिली होती. सकाळी गल्ली जमली. पिराजीनं आपल्या पठ्ठ्यांसह बाळाबाईंना खांद्यावरून वाडीपर्यंत नेण्याची तयारी दाखवली. बाळाबाईंनी ती तिथंच नाकारली. “चौघांच्या खांद्यावर जायचंच हाय कधीतरी,” त्या म्हणाल्या, “पर त्यासाठी मी आत्ताच घाई करणार न्हाय.”

पिराजी ओशाळून जीपच्या मागच्या फळीवर बसला. त्याचे तीन पठ्ठेही वस्ताद बसले म्हणून बसले. आणि हंबीररावांच्या डोळ्यांदेखत जीप कुरकुरत चार बोटं खाली आली. पाटे लवले. हंबीरराव धावत घरात गेले, चौरंग घेऊन आले आणि कुणी उठू नका असं त्यांनी ओरडून सांगितलं. चौरंगावरून बाळाबाई अलगद जीपमध्ये चढल्या. स्टार्टर मारून एक फेरी मारली तर जीप चक्क मऊ चालत होती. पाट्यांना इतके दिवस जे हवं होतं ते मिळालं होतं : पैलवान.

पुढचे सहा दिवस हंबीरराव तालमीत चकरा मारत होते. पैलवानांना एक दिवस सोडा, नुसतं बसायचं आहे, असं ते पिराजीला विनवत होते. नुसतं बसणं हे पैलवानाला सांगितलेलं आवडत नाही. शेवटी मामांकडं तांबडा-पांढरा रस्सा होईल आणि तालमीतल्या संध्याकाळच्या मेहनतीच्या आत परत आणू, या बोलीवर सौदा ठरला.

रविवारी सगळे निघाले. मागं चार पैलवान, पुढं बाळाबाई, त्यांच्या मांडीवर भावासाठी केलेल्या करंज्यांचा डबा. पन्हाळ्याचा घाट जीप चढली. फाटा आला. कातळावर प्रत्येक धक्क्याला हंबीरराव आईकडं बघत होते आणि आई रस्त्याकडं बघत होती. उंबरा आला. हंबीररावांनी देवाचं नाव घेतलं आणि गिअर टाकला. पुढची चाकं ओलांडली, पोट सुटं राहिलं, मागची चाकं ओलांडली. मागून पैलवानांनी शड्डू ठोकले. हंबीरराव खाकरले आणि धूळ फार आहे असं म्हणाले.

मामांच्या दारात जीप थांबली. रश्श्याचा वास आधीच आला होता, त्यामुळं चारही पैलवान एकदम उड्या टाकून उतरले. जीप तितक्याच तत्परतेनं वर उठली. चौरंग कोल्हापुरात ओट्यावर राहिला होता. बाळाबाई वर, मामा खाली कट्ट्यावर, आणि मधे हंबीरराव, असा देखावा तयार झाला. सुना काहीतरी उंच शोधायला घरात पळाल्या.

मामा मान वर करून बहिणीकडं बघत होते. “उतर की गं,” ते म्हणाले.

“उतरू कुठनं?” बाळाबाई म्हणाल्या. “तूच ये वर.”

मामांनी पिराजीकडं बघितलं. पैलवानांनी त्यांना कट्ट्यावरून उचललं आणि स्टिअरिंगच्या मागं अलगद ठेवलं. भाऊ-बहीण शेजारी शेजारी बसले. मामांनी बहिणीचा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ नुसता धरून ठेवला. बाळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग मामांनी समोर बघितलं आणि ते एकदम ताठ झाले.

घरासमोर शेराच्या झुडपांचं कुंपण होतं. मामा पडल्यापासून ते पुरुषभर वाढलं होतं. मळा त्याच्या पलीकडं होता आणि मामांनी तो तेव्हापासून बघितलेला नव्हता. पोरं रोज संध्याकाळी सांगायची की ऊस बरा आहे. बरा म्हणजे किती बरा, हे मामांना कधी कळलं नव्हतं. आता कुंपणाच्या वरून सगळा मळा दिसत होता.

“बाळे, बघ,” ते हळू म्हणाले. “पोरं खोटं बोलत नव्हती.”

मग दोघांचं सुरू झालं. बांध कुणी कोरला, कोपऱ्यातली बोर कधी तोडली, पाण्याचा पाट कुठून फिरवला. करंज्यांचा डबा उघडला. उंच कशाला केली, असं जीपबद्दल आजवर ज्यानं त्यानं विचारलं होतं. मामांनी विचारलं नाही. दोघांची जेवणं वरच झाली. पैलवान पंगतीतून उठले, पिराजी हात पुसत आला आणि निघायचं म्हणून मागून चढला. जीप खाली गेली आणि मळा कुंपणाआड बुडाला.

“कोण चढलं रं?” मामा म्हणाले.

“पिराजी, उतर,” हंबीरराव म्हणाले. सहा दिवस ज्याची विनवणी केली त्याला ते पहिल्यांदाच दरडावत होते. “कुणी गाडीला हात लावायचा न्हाय.”

“मेहनतीची येळ हुतीया, राव,” पिराजी उतरता उतरता म्हणाला.

मामा पुन्हा वर आले. त्यांनी मान लांब केली, डावीकडं झुकले, पुन्हा सरळ बसले. “समदं दिसलं,” ते बहिणीला म्हणाले. “हीर तेवढी दिसत न्हाय. मी सोता खणलेली. वीतभर कमी पडतंय.”

हंबीररावांनी जीपकडं बघितलं. मग पैलवानांकडं बघितलं. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, जरी उचलणार ते नव्हते.

“मेहनत हितंच करा,” ते म्हणाले. “पुढनं बंपर धरा.”

चौघांनी कुस्तीत लांगेला हात घालावा तसा बंपरला हात घातला आणि “बजरंगबली की” म्हणून जीपचं तोंड उचललं. चाकं जमिनीवरून सुटली. बाळाबाईंनी एका हातानं दांडी धरली आणि दुसऱ्यानं भावाला. पैलवानांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

“दिसली?” हंबीररावांनी विचारलं.

“दिसली,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज ओला झाला होता. “पाणी बी हाय, बाळे. कठड्याला लागलंय.” आणि स्टिअरिंगवर दोन्ही कोपर टेकून ते निवांत बघत राहिले. त्यांना काही घाई नव्हती.